खिसे उलटे काढलेला माणूस

आधी ती हसली. आधी आपण हसलो आणि मग ओळखलं, हा क्रम पुढे कितीतरी दिवस तिला बदलून घ्यावासा वाटत होता. जेवणाच्या सुट्टीत भट्टीवाल्यानं डब्याशेजारून मोबाइल तिच्यापुढे सरकवला होता. त्यांच्या दातांच्या लॅबमध्ये तो सिरॅमिकचे दात भाजायची भट्टी सांभाळायचा. पन्नाशीला टेकलेला, दोन कॉलेजातल्या मुलांचा बाप, आणि घरी गेल्यावर कंप्युटरवर गेम खेळणारा. ऑनलाइन गेमचा सेल लागला की आठवडाभर तो असा फुललेला असायचा. त्या दिवसांत त्याच्यासारखे लोक भरमसाट गेम घेत सुटायचे आणि स्वतःच्याच उधळपट्टीवर विनोद करून एकमेकांना पाठवायचे. 'पाकीट आयसीयूत आहे, नातेवाइकांनी बाहेर थांबावं.' 'पंच्याहत्तर टक्के वाचवता वाचवता शंभर टक्के गेले.' 'देवा, आणखी एक जन्म दे, घेतलेले गेम खेळायचे राहिलेत.' तिला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भट्टीवाला इतका मनापासून हसायचा की समोरच्यालाही हसू यायचंच. 'हा बघा, हा सगळ्यांचा बाप आहे,' तो म्हणाला आणि बोटानं पुढचं चित्र आणलं. एका खोलीच्या मधोमध एक म्हातारा उभा. पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढलेले, कुत्र्याच्या कानांसारखे दोन्ही बाजूंना लोंबणारे. तोंड उघडं, तोंडात एकही दात नाही, आणि चेहऱ्यावर शाळेत उभं केलेल्या पोराचा प्रामाणिकपणा. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सेलचा पहिला दिवस, सकाळचे नऊ.' तिनं नुकताच पाण्याचा घोट घेतला होता. ती इतकी एकदम हसली की पाणी नाकातून बाहेर आलं. आणि नाक पुसता पुसता तिला तो जबडा दिसला.

चेहरा नंतर ओळखू आला, आधी जबडा. डावीकडची खालची हिरडी झिजून सपाट झालेली, वरचा ओठ त्यामुळे त्या अंगाला आत ओढलेला. या जबड्याचा साचा तिनं स्वतः ओतला होता, प्लॅस्टर घट्ट झाल्यावर तो हातात धरून त्याच्यावर गुलाबी मेण चढवलं होतं, एकेक दात लावला होता. ते दात बाबांनी जेमतेम महिनाभर घातले आणि मग एक दिवस काढून ठेवले ते ठेवलेच. 'कसा आहे?' भट्टीवाल्यानं विचारलं. तो अजून हसत होता. त्याच्या उघड्या तोंडात चावलेला घास होता, ओला, राखाडी, आणि त्यामागे दाढेवर तिच्याच हातची धातूची टोपी चमकत होती. 'छान आहे,' ती म्हणाली. तिनं डब्याला झाकण लावलं. तोंडात पाणी सुटत होतं, भुकेचं नव्हे, दुसरं, उलटीच्या आधी येतं ते खारट पाणी. ती बेसिनपाशी गेली, नळ सोडला, पण काही पडलं नाही. आरशाच्या खालच्या कडेला कुणाच्या तरी गुळण्यांचे पांढरे शिंतोडे वाळले होते. ते रोजच असायचे. आज तिनं ओल्या कागदानं ते खरवडून काढले आणि मग तो कागद हातात धरवेना.

दुपारभर समोर कुणा अनोळखी माणसाचा जबडा होता आणि मेण कोरायची सुरी हातात होती. मेणाचा तो गोडूस वास इतकी वर्षं तिच्या नाकाला जाणवलाही नव्हता. आज वाटत होतं, हा वास कपड्यांतून घरी येतो, उशीला लागतो, आणि आपण त्यात झोपतो. बाकावर ओळीनं मांडलेले सगळे साचे दात विचकून बसले होते. तिनं दोनदा सुरी खाली ठेवली आणि दोन्ही वेळा मोबाइल उघडला. चित्र शोधावं लागलं नाही. ते सगळीकडे होतं. कुणी बाबांचं नुसतं डोकं कापून एका पैलवानाच्या धडावर बसवलं होतं. कुणी त्यांच्या लोंबत्या खिशांतून कोळ्याची जाळी काढली होती. एका ठिकाणी त्यांचं तोंड हलतं केलं होतं. उघडायचं, मिटायचं, उघडायचं, माशासारखं, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आजोबा म्हणतायत, अजून एक घे.' त्याखाली हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. 'हा माणूस म्हणजे मी.' 'याच्या खिशापेक्षा तोंड जास्त रिकामं आहे.' 'याला कुणीतरी दात घेऊन द्या रे, डिस्काउंटमध्ये.' हे शेवटचं वाचून तिला मघासारखीच हसण्याची एक उबळ घशापर्यंत आली. आपल्याच घशाची तिला शिसारी आली.

बाबांनी आयुष्यभर चपलांच्या दुकानात काम केलं. मालक वेगळा, बाबा नुसते विक्रेते. दिवसभर लोकांच्या पायाशी बसायचे. बुटाच्या पट्टीनं लोकांच्या टाचा आत सरकवायचे, अंगठा कुठे टेकतो ते दाबून बघायचे. लहानपणी शाळा सुटल्यावर ती दुकानात जाऊन बसायची तेव्हा तिला ते पाय दिसायचे. भेगांचे, घामट, नखं वाढलेले, मोजे काढल्यावर भपकन वास मारणारे. ती नाक मुरडायची. बाबा कधीच नाही. आपल्याच पायाची लाज वाटून एखादी बाई अवघडून बसली की ते म्हणायचे, 'आणा इकडे, त्यात काय एवढं,' आणि असा पाय हातात घ्यायचे की जणू कुणी परातीत फळ ठेवून दिलंय. घरी येऊन मात्र ते कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे, अगदी सावकाश, आणि धुऊन होईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. फोटो काढायचा म्हटलं की शर्टाचं वरचं बटण लावायचे. चित्रात ते बटण उघडं होतं. पण त्यापेक्षाही तिला खुपत होतं ते खोलीचं कोपऱ्यातलं टेबल, टेबलावरचे दोन मॉनिटर आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेला हिरवा टॉवेल. ते टेबल धाकट्याचं होतं. फोटो दुसऱ्या कुणी काढलेला असणं शक्यच नव्हतं. त्या घरात बाबा आणि तिचा धाकटा भाऊ सोडून तिसरं माणूस नव्हतं.

काम संपवून ती बसनं थेट तिकडे गेली. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना काय बोलायचं ते तिनं तीनदा रचलं. दार उघडलं तेव्हा आधी वास आला. फिनेल, ओले कपडे, आणि त्या दोघांखाली दाबूनही न दबलेला लघवीचा वास. 'ताई? आज कशी काय?' धाकट्याच्या कानावर हेडफोन अर्धवट सरकलेला होता. घरी बसून तो एका विमान कंपनीच्या प्रवाशांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचा. चाळिशी यायच्या आतच त्याच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. तिच्याकडे बघून त्यांनी मान लववली, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून लववायचे तशी. 'या बाई, बसा,' ते म्हणाले. ती कोण हे ते गेल्या वर्षीच विसरले होते, आदब तेवढी विसरले नव्हते.

तिनं मोबाइल धाकट्याच्या नाकापुढे धरला. 'हे तू केलंस?'

त्यानं बघितलं आणि, तिला वाटलं होतं तसा, तो घाबरला नाही. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क उजेड आला. 'अरे! तुझ्यापर्यंत पोचला?'

'लाज नाही वाटत?'

'ताई, ऐक तर. आमचा एक ग्रुप आहे, सगळे असलेच, गेम घेणारे. मी तिथं टाकला होता, तेवढ्यापुरताच. पुढे कुणी नेला मला माहीत नाही. पण त्यांना बाबा आवडतात गं. विचारतात रोज, आजोबा कसे आहेत.'

'आजोबा,' ती म्हणाली. 'त्यांच्या तोंडाची गटार केलीये लोकांनी. वाचलंस काय काय लिहिलंय ते?'

'वाचलं. काही काही चांगलं आहे.'

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याच्या गालाला हात लावायचीही किळस आली. दाढी दोन-तीन दिवसांची, ओठाच्या कडेला काहीतरी वाळलेलं. मॉनिटरवर त्याचे गेम मांडलेले होते, छोट्या छोट्या चित्रांच्या रांगाच्या रांगा, तलवारी, गाड्या, भुतं, शेतं. तो खाली सरकवत गेला तशा त्या संपेचनात. 'किती आहेत?' तिनं विचारलं. 'मोजत नाही.' 'आणि खेळतोस कधी?' यावर तो हसला, ग्रुपवर हसत असेल तसा, ओठांच्या एका कोपऱ्यानं. 'खेळायला कुठं घेतो आपण,' तो म्हणाला. 'घ्यायला घेतो.' हा त्यांच्यातला ठरलेला विनोद असावा. ती हसली नाही. त्यामुळे तो विनोद दोघांच्या मध्ये तसाच पडून राहिला, कुणी न उचललेल्या उष्ट्या ताटासारखा.

'ते खिसे तू ओढलेस?' तिनं विचारलं. 'फोटोसाठी?'

'नाही.' तो हेडफोनची वायर बोटाला गुंडाळू लागला. 'त्यांनीच काढले.'

'कशाला?'

'जाऊ दे ना.'

'कशाला, बारक्या?'

खूप वर्षांनी तिनं त्याला तशी हाक मारली होती. तो बाबांकडे बघत बोलला. सेल लागला होता. त्यानं सकाळी सकाळीच भराभर घेतले, सात-आठ एकदम, आणि मग खुर्ची मागे सारून नेहमीसारखा मोठ्यानं म्हणाला, संपलं, लुटलो गेलो, खिशात दमडी उरली नाही, आता कसं व्हायचं माझं. कुणाला उद्देशून नाही. घरात आवाज हवा म्हणून तो असं काहीबाही बोलत असतो. बाबा खुर्चीतून उठले. दोन महिन्यांत कुणाच्या बोलण्यानं ते उठले नव्हते. खोलीच्या मधोमध आले, खिशांत हात घातले आणि चाचपू लागले. मग अस्तरासकट दोन्ही खिसे बाहेर ओढले, नीट झटकले, आणि त्याच्याकडे बघत राहिले. 'मला द्यायला बघत होते काहीतरी,' धाकटा म्हणाला. 'असं तोंड उघडून. म्हणजे, सॉरी म्हणत असल्यासारखं. मला काय करावं कळेना ताई. मोबाइल हातातच होता.'

तिला बसावं लागलं. जवळची खुर्ची त्याचीच होती आणि बैठक त्याच्या अंगानं अजून कोमट होती. त्या कोमटपणाचीही तिला शिसारी आली, पण ती उठली नाही. मघापासून चित्रातला चेहरा तिला केविलवाणा वाटत होता, भांबावलेला, काय चाललंय ते न कळणारा. आता तो चेहरा तिला दिसूच नये असं झालं होतं, कारण त्या माणसाला सगळं कळलं होतं. पोराचा खिसा रिकामा आहे, एवढंच एक कळलं होतं. आणि त्यावर पिवळे चेहरे लोळून लोळून हसत होते आणि त्यांच्यात तिचं नाकातून आलेलं पाणी होतं. 'तुला तेव्हा हसू आलं?' तिनं विचारलं. 'नंतर आलं,' तो म्हणाला. 'टाकल्यावर. लोक हसायला लागल्यावर.' मग एकदम त्याचा आवाज चढला. 'आणि तू काय मला विचारतेस गं? तू येतेस कधी? महिन्यातून एकदा येतेस, अर्धा तास बसतेस, केळी ठेवून जातेस. इथं बस, इथं बसून विचार. त्यांना धुवायचं मी, भरवायचं मी, ते दार उघडून निघून गेले की खाली धावायचं मी. मला बाहेर पडता येत नाही. कुणी माझ्याशी बोलत नाही. फोटो टाकला त्या दिवशी दोनशे माणसं बोलली माझ्याशी.' तो थांबला. नाक ओढलं. 'खेळायला वेळ कुठाय मला. आपले घेऊन ठेवतो. कधीतरी खेळीन.'

बाबा खिडकीतून खाली बघत होते. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती पीप पीप वाजत होती. 'वर्दळ बरी आहे आज,' ते म्हणाले.

महिन्यातून एकदा हे खरं होतं. का, हे त्याला माहीत नव्हतं, आणि ती सांगणारही नव्हती. गेल्या वर्षी एकदा बाबांना भरवताना त्यांनी चावलेला घास तोंडातून काढून तिच्या तळहातावर ठेवला होता. गरम, बुळबुळीत, लाळेची तार ओठापासून तिच्या मनगटापर्यंत. आयुष्यभर लोकांच्या तोंडांचं काम केलेली ती, तिला आतडी पिळवटून उलटी झाली होती. पण लॅबमध्ये तोंडं यायची ती प्लॅस्टरची. थंड, कोरडी, पांढरी, नंबर टाकलेली. खऱ्या तोंडात तिनं कधी बोट घातलं नव्हतं. ते काम डॉक्टरांचं. बाबांचंही माप डॉक्टरांनीच घेतलं होतं, तिला नुसता साचा मिळाला होता. त्या साच्यावर तिनं किती प्रेमानं हात फिरवला होता.

धाकट्यानं तिच्यासमोर ग्रुपवरून फोटो काढून टाकला. त्यानं काही होणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भट्टीवाल्याकडे त्या चित्राचा नवाच अवतार आला होता. आता बाबांच्या दोन्ही बाजूंना आणखी म्हातारे उभे केले होते, सगळ्यांचे खिसे उलटे. तो दाखवायला पुढे वाकला तेव्हा ती म्हणाली, 'ते माझे वडील आहेत.' भट्टीवाल्याला आधी तो विनोदच वाटला. त्याचं तोंड हसण्यासाठी उघडलं, आणि तिच्याकडे बघता बघता उघडंच राहिलं. मग त्याच्या मानेपासून कानांपर्यंत लाली चढत गेली. 'मी तो बऱ्याच जणांना पाठवलाय,' तो अगदी हळू म्हणाला. 'माझ्या मुलांनासुद्धा.' 'हसली का मुलं?' तिनं विचारलं. तो खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. 'खूप,' तो म्हणाला. त्यानं मोबाइल पालथा ठेवला आणि दोघांनी डबे संपवले. चावण्याचा आवाज फार मोठा वाटत होता.

शनिवारी ती टॅक्सी घेऊन गेली आणि बाबांना दोन दिवसांसाठी आपल्या घरी घेऊन आली. धाकट्यानं पिशवीत लंगोट, औषधं, जादा पँटी भरून दिल्या आणि दारात सूचनांवर सूचना दिल्या. पाणी विचारून देऊ नकोस, नुसतं पुढे धर. संडासाचं दार आतून लावू देऊ नकोस. जेवण झालं की तोंड बघायचं, गालात घास ठेवतात, झोपेत घशात जाईल. 'तू खेळ,' ती म्हणाली. 'सगळे काढून खेळ.' दुपारी त्याचा फोन आला. 'मघापासून बसलोय,' तो म्हणाला. 'कुठला लावावा तेच ठरत नाहीये. एक लावला होता, दहा मिनिटं कसलं तरी गाव दाखवत होते. बंद केला.' तो हसला, पण ते हसू कुणासाठी केलेलं नव्हतं, मध्येच मोडलं. 'जेवले का ते?' 'आत्ताच.' 'तोंड बघितलंस?'

नव्हतं बघितलं. जेवण झाल्यापासून ती तेच टाळत होती. ताटं घासली होती, ओटा दोनदा पुसला होता. फोन ठेवून तिनं वाटीत कोमट पाणी घेतलं, बोटाला मऊ फडकं गुंडाळलं. लॅबमधले हातमोजे पर्समध्ये होते. ते घालावेत असं मनात आलं, तिनं काढलेही, पण त्यांचा पांढरा रबरी फुगीरपणा बघून परत ठेवले. बाबांच्या समोर स्टूल ओढून ती बसली. 'आ करा,' ती म्हणाली. त्यांनी लगेच केलं. आतून आंबूस, गरम हवा तिच्या तोंडावर आली. चित्रात वास नव्हता. डाव्या गालात घासाचा गोळा होता, लाळेत भिजून पिठूळ झालेला. तिनं श्वास रोखला आणि बोट आत घातलं. जीभ बोटाला लागली, जिवंत, हलणारी, खरखरीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गोळा बाहेर ओढून वाटीत टाकला, फडकं पिळलं, पुन्हा बोट घातलं, आणि आता ती हिरडीवरून बोट फिरवू लागली, मागून पुढे. हा उंचवटा तिला पाठ होता, फक्त तो असा ऊन आणि निसरडा असेल हे माहीत नव्हतं.

एकाएकी त्यांनी तोंड मिटलं. बोट आत. हिरड्या फडक्यावर घट्ट बसल्या, वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जोरात. उजवीकडची पकड अजून चांगली होती, डावीकडे जोरच नव्हता. ते तिच्याकडे बघत होते, रागानं नाही, ओळखीनंही नाही, फार बारकाईनं, एखाद्या गिऱ्हाइकाला नक्की काय हवंय ते कळत नसल्यासारखं. लाळ तिच्या तळहातावरून मनगटाकडे उतरू लागली. तिला ढवळून आलं. ओठ घट्ट मिटून तिनं ते गिळलं, आणि ते पुन्हा वर आलं, आणि तिनं पुन्हा गिळलं.

'सोडा आता,' ती म्हणाली.

त्यांनी सोडलं नाही. तिनं दुसऱ्या हातानं वाटी बाजूला सारली, स्टूल आणखी थोडं पुढे ओढलं, आणि बोट तसंच राहू देऊन त्यांच्या हनुवटीखाली हात धरला.